पहिला घोट पंतांचा

विष्णुपंतांच्या नाकाचा एके काळी अंबरनाथच्या एमआयडीसीत दरारा होता. रंगांच्या कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलला ऑफिसर होते. नवा माल आला की पंत पिंपाचं झाकण उघडायचे, नुसता एक श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "परत पाठवा." प्रयोगशाळेतली यंत्रं दुपारपर्यंत खटपट करून तेच सांगायची. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, यंत्रं सुटली, पण नाक बदलापूरच्या घरी बरोबर आलं. आणि त्या नाकाला पंतांनी फार पूर्वीपासून एक खासगी काम लावून दिलेलं होतं. ते काम म्हणजे जांभळाची वाइन.

जांभळं खरवईच्या हरिचंद्र म्हात्र्यांची. हरिचंद्राची जमीन बरीचशी इमारतींखाली गेली होती, पण जांभळाच्या झाडांना त्याने कुठल्याही बिल्डरला हात लावू दिला नव्हता. कारखान्याच्या नव्या शेडसाठी वाळू पुरवायला तो पहिल्यांदा पंतांकडे आला, तेव्हा भेट म्हणून एक पाटी जांभळं घेऊन आला. ऑफिसर माणसाला भेट नको, म्हणून पंतांनी ती परत केली. दुसऱ्या दिवशी हरिचंद्र दोन पाट्या घेऊन आला. आता एवढ्या जांभळांचं करायचं काय, या विवंचनेतून पहिली वाइन झाली. ती इतकी वाईट होती की दोघांची जन्माची दोस्ती जमली.

तेव्हापासून दर जूनमध्ये पंतांच्या गॅलरीत काचेचे मोठे जार मांडले जात. जार उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले. तिथला बाटल्यांचा व्यापारी पंतांना बघितलं की दुरूनच म्हणायचा, "आओ साईं, इस साल कितना दवा बनाओगे?" जांभळं हाताने कुस्करायची, साखर आणि यीस्ट घालायचं, जारच्या झाकणातून सलाइनची नळी पाण्याच्या बाटलीत सोडायची, आणि सकाळ-संध्याकाळ वर आलेला चोथा लाकडी डावाने खाली ढकलून ढवळायचा. एक वेळ जरी चुकली तरी वर बुरशी धरते आणि सगळा जार मोरीत ओतावा लागतो.

माईंना यातलं काहीच मान्य नव्हतं. पंतांच्या त्या पत्नी, घरात कांदासुद्धा चातुर्मासात न आणणाऱ्या. पण भांडायचं किती, म्हणून त्यांनी एक नियम घालून दिला होता. जारमध्ये बुडबुडे येताहेत तोवर ते जांभूळ. बुडबुडे थांबले की ती दारू, आणि ती त्या दिवशी घराबाहेर. वाइन हा शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारला नव्हता. त्या म्हणत, "ते तुमचं."

म्हणून बाटल्या भरल्या की त्या खरवईला जात, हरिचंद्राच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत. आणि वर्षातून एकदा, आषाढी अमावास्येला, हरिचंद्राच्या अंगणात ताडपत्रीखाली त्या चाखल्या जात. सकाळी माई घरी दिव्यांची पूजा करत, कणकेचे गोड दिवे वाफवत आणि ते डब्यात घेऊन पंतांबरोबर रिक्षाने खरवईला येत. माईंची दिव्याची अवस आणि हरिचंद्राची गटारी एकाच दिवशी, एकाच अंगणात सुखाने नांदत असत. एका बाजूला हरिचंद्राची बायको तुळशी मटणाचं पातेलं उतरवायची, दुसऱ्या बाजूला माई आपले दिवे तुपात बुडवून प्रत्येकाच्या हातावर ठेवायच्या.

चाखण्याची रीत ठरलेली होती. धाकट्या सालापासून थोरल्या सालाकडे जायचं. हरिचंद्र आधी चार थेंब वाडवडिलांसाठी जमिनीवर सांडायचा, मग पहिला पेला पंतांना. पंत पेला फिरवायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि मग एक घोट. तोवर अंगणात कोणी पेल्याला हात लावायचा नाही. अगदी शेजारचे, पाहुणे, हरिचंद्राचा मुलगा अमित, सगळे पंतांच्या तोंडाकडे बघत उभे. मग पंत निकाल द्यायचे. पहिल्या वर्षाची वाइन म्हणजे, "अजून शाळेत जातेय, नुसती तुरट." तिसऱ्या वर्षाची, "आता जरा माणसात आली." आठव्या-दहाव्या वर्षाची असली की पंत बराच वेळ काहीच बोलायचे नाहीत, आणि ते न बोलणं बघायला लोक येत.

यंदा मात्र पंत महिनाभर आधीपासून धास्तावले होते. कारण त्यांचं नाक गेलं होतं.

हिवाळ्यात ताप आला, आठवड्यात उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. पंतांना आधी वाटलं सर्दी आहे. मग एके सकाळी दूध करपून काळं झालं, धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा त्यांना कळलं. कानाच्या-नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल कदाचित, नाहीही येणार. पंतांनी हे कोणालाही सांगितलं नाही, माईंनाही नाही. उलट जेवताना ते पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागले. "वा, फोडणी काय बसलीय!" असं म्हणायचे, आणि माई खाली मान घालून वाढत राहायच्या.

लपवायचं कारण साधं होतं. निवृत्त माणसाला कोणी काही विचारत नाही. मुलगा उन्मेष फोनवर तब्येत विचारतो, सोसायटीवाले पार्किंगचं विचारतात, तेवढंच. पण वर्षातला एक दिवस असा होता की सगळं अंगण त्यांच्यासाठी थांबून राहायचं. आता तोही दिवस जाणार होता. पहिला घोट गेला की मग ते त्या अंगणात कोण? एका म्हाताऱ्या दोस्ताकडे मटण खायला आलेला म्हातारा.

तेव्हा पंतांनी एक बेत केला. बाटल्यांवर सालाच्या चिठ्ठ्या असतात. कुठल्या सालाला काय वास येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. जीभ शाबूत होती, आंबट-गोड-तुरट कळत होतं. बाकीचं नाटक. आरशासमोर उभं राहून त्यांनी पेला फिरवायचा आणि डोळे मिटायचा सरावसुद्धा केला. इतकी वर्षं खरंच केलं ते करताना आता इतकं खोटं का दिसतंय, तेच त्यांना समजेना.

अमावास्येला दुपारी सगळं जमलं. सुरुवात अमितच्या बिअरने झाली. अमित अंबरनाथला नोकरी करायचा आणि फावल्या वेळात नाचणीची बिअर बनवायचा. गेल्या वर्षी त्याच्या बाटल्या फुटून असा बार उडाला होता की घरातली मांजर शेजाऱ्यांकडे राहायला गेली, ती परत आलीच नाही.

"काका, यंदा टेन्शन नाय. एकदम सेट झालंय," अमित म्हणाला. "अजून दोन वर्षं ठेवली तर कसली भारी होईल ना?"

"अमित, बिअर तरुणपणीच पिऊन टाकायची असते," पंत म्हणाले. फेस जिभेला टोचला, मागे कडवटपणा होता. "फेस टिकलाय, कडूपणा बेताचा. पास!"

टाळ्या पडल्या. पंतांना जरा धीर आला. मग गेल्या सालाची वाइन झाली. ती तुरट असणारच होती, आणि होती. "शाळेत जातेय," पंत म्हणाले, सगळे हसले. पंतांना वाटलं, जमतंय की! उगाच घाबरलो.

मग हरिचंद्राने सात-आठ वर्षांची एक बाटली काढली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या क्षणी पंतांना ठाऊक नव्हती. मागच्या खोलीचा निम्मा भाग यंदा अमितने बिअरसाठी अडवला होता. त्यामुळे तुळशीने पावसाळ्यासाठी भरलेले सुके बोंबील आणि जवळा यंदा वाइनच्या कोपऱ्यात गेले. बोंबलांची गोणी नेमकी या बाटलीवर रेलून होती, आणि बाटलीचं बूच जुनं, वाळून आक्रसलेलं. महिनाभर दोघांचा शेजार झाला. हरिचंद्राला बाटली उघडताना काही वेगळं वाटलं नाही, कारण त्या घरात बोंबलाचा वास म्हणजे घराचाच वास.

पंतांनी पेला फिरवला. नाकाशी नेला. खोल श्वास घेतला, डोळे मिटले आणि एक घोट घेऊन जिभेवर घोळवला. थोडं खारट लागलं, पण सात-आठ वर्षांच्या वाइनबद्दल त्यांचं भाषण तयार होतं.

"मोगरा," पंत म्हणाले. "स्वच्छ मोगरा. आणि मागून अगदी हलकासा चंदनाचा वास. देवघरात गेल्यासारखं वाटतं. हरीभाऊ, अशी वाइन दहा वर्षांत झाली नव्हती!"

अंगणातल्या सगळ्यांनी पेले उचलले आणि घोट घेतला.

हरिचंद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने घोट कसाबसा गिळला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "वा, पंत. मोगरा हाय खरा."

"हाय, हाय," तुळशी म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

"काका, एकदम... मंदिर वाली फीलिंग," अमित म्हणाला. एक पाहुणा अंगणाच्या कडेला जाऊन पेरूच्या झाडाकडे फार लक्षपूर्वक बघू लागला. पण पेला कोणीही खाली ठेवला नाही. पंतांनी चांगली म्हटली म्हणजे संपवली पाहिजे, असं समजून सगळे घोट घोट पीत राहिले.

माई आपल्या दिव्यांच्या डब्यापाशी बसल्या होत्या, पाच हात लांब. वारा त्यांच्या दिशेने फिरला आणि त्यांनी झटकन पदर नाकाला लावला.

"अहो, कसला मोगरा!" त्या जोरात म्हणाल्या. "बोंबील आहे तो बोंबील! मला इथवर वास येतोय!"

म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली. पण शब्द जायचा तिथे गेला होता.

पंत हातात पेला धरून तसेच उभे राहिले. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. हसू दाबलेलं, डोळ्यांत पाणी, हातात निम्मा संपलेला पेला. ही माणसं आपल्यासाठी बोंबलाचं पाणी पीत होती. पंतांना इतकं लाजल्यासारखं झालं की रिक्षा बोलवावी आणि घरी जावं असं वाटलं. मग ते खुर्चीवर बसले.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "हिवाळ्यापासून. काहीच येत नाही."

"ठावं हाय मना," हरिचंद्र म्हणाला.

"काय?"

"चैतात तुमी मोहोर बघाया आल्ते ना. तुलशीनं ओट्यावर बोंबील सुकत घातल्ले. दर वर्साला तुमी फाटकापासनं नाकाला रुमाल लावून येता. अवंदा त्याच्या बाजूला बसून चहा पिलात, वर लाडू खाल्लात. तवाच मी तुलशीला बोल्लो, पंताचं नाक गेलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी बोल्लं नाय, मंग मी कशाला बोलू?"

पंतांनी माईंकडे बघितलं. माई डब्याचं झाकण उगाच लावत होत्या. "मी महिनाभर आमटीत हिंग घातला नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही रोज म्हणायचा, हिंग काय लागलाय."

अंगणात आधी कोणीतरी फिस्कन हसलं, मग सगळेच हसले, आणि पंतांनाही हसू आवरेना. पण हसू ओसरल्यावर ते उठले आणि त्यांनी आपला पेला अमितपुढे धरला. "पुरे झालं. आजपासून पहिला घोट तू घे."

अमित दोन पावलं मागे सरकला. "काका, मला सगळंच भारी लागतं. मी काय निकाल देणार? मला बोंबीलवाली पण थोडी थोडी आवडली!"

हरिचंद्र आत गेला आणि एक बाटली घेऊन आला. तिचं बूच मेणाने बंद केलेलं होतं, त्यामुळे बोंबील आत शिरला नव्हता. चिठ्ठी मात्र झुरळांनी खाल्लेली. "ही कुठल्या सालची, कोनाला ठावं नाय," तो म्हणाला. "साल सांगा, मंग कुटं जायाचं तिकडं जा."

"अरे, नाकाशिवाय कसं सांगू?"

"नाक आमचं घ्या. हितं इतकी हायेत."

त्याने चार थेंब जमिनीवर सांडले, पेला भरला आणि आधी स्वतःच हुंगला. रीत मोडून पहिल्यांदाच. "बैलाला पेंड भिजत घातली का येतो ना, तसा गोड वास हाय."

पंत नकळत सरळ बसले. "पेंड. म्हणजे कोवळी नाही. पुढे?"

"भाताच्या टोपावरचं झाकन काडल्यावर येतो तसा," तुळशी म्हणाली. "पन वाईच करपल्याला."

"करपलेला, वाफाळ... साखर पुरती मुरलीय. अमित?"

अमितने नाक पेल्यात खुपसलं. "काका, आजीचं लाकडी कपाट होतं ना, ते उघडल्यावर कसा वास यायचा? सेम."

"शाबास! तुरटपणा गेला, लाकूड आलं. दहाच्या वर वर्षं झाली हिला, नक्की!" पंतांचे डोळे चमकायला लागले होते. त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, आंबटपणा जोखला. "दोन हजार नऊ ते तेरा. यातलंच एक. पण कुठलं? अजून काहीतरी सांगा. काहीतरी निराळं."

सगळ्यांनी पुन्हा हुंगलं, पण कोणाला काही सुचेना. पंत एकेकाकडे आशेने बघत होते. तेवढ्यात माई उठल्या. पदर खोचून ताडपत्रीखाली आल्या आणि त्यांनी पंतांच्या हातातला पेला घेतला. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या अंगणातल्या एकाही पेल्याला बोट लावलं नव्हतं. पेला आधी लांब धरला, मग जवळ नेला.

"लवंग," माई म्हणाल्या.

पंत ताडकन उभे राहिले. "अकरा! दोन हजार अकरा! माझ्या बायपासचं साल!"

अंगणात एकच गलका झाला. अमितने शिट्टी मारली. पंत लहान मुलासारखे सगळ्यांना सांगत सुटले होते. "एकाच सालाला लवंग येते, फक्त अकराला! सगळ्यांत उत्तम साल ते. लवंग कुठून आली ते मला कधीच उमगलं नाही. मी झाड तपासलं, माती तपासली, विहिरीचं पाणी तपासलं. त्या वर्षी जांभळं जारमध्ये पडली आणि दुसऱ्याच दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. आलो तर जार ठणठणीत! या हरीभाऊने रोज येऊन ढवळला म्हणून."

"मी?" हरिचंद्र म्हणाला. "मी नाय कदी ढवलला."

"अरे, घरी आल्यावर मी तुझे हात धरून थँक यू म्हणालो होतो!"

"मना वाटलं, हास्पिटलात डबा आनायचो त्याचं."

मग हळूहळू सगळ्यांचे डोळे माईंकडे वळले. माई पेल्यात बघत होत्या.

"दोनच घातल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मुरांब्यात घालते तशा. त्याला फार उग्र वास येत होता म्हणून."

"तू ढवळलास? सकाळ-संध्याकाळ?"

"तुम्ही स्ट्रेचरवरून जाताना माझं काय होईल, तुझं काय होईल, काही बोलला नाहीत. एवढंच म्हणालात, जार ढवळायला हवा. मला काही सुचत नव्हतं तेव्हा. हातांना काम होतं ते बरं होतं. आणि म्हटलं, हे घरी येतील, आणि ते नासलेलं बघून त्यांना काय वाटेल?" त्यांनी पेल्याची कड पदराने पुसली. "तुम्ही घरी याल, असं म्हणूनच ढवळत होते."

दर वर्षी याच अंगणात उभं राहून पंतांनी त्या सालाची तारीफ केली होती. माई पाच हातांवर बसून ती ऐकत होत्या, आणि त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. पंतांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. त्यांनी पेला हळूच माईंकडे सरकवला.

"पहिला घोट तुझा," ते म्हणाले. "खरं तर तेव्हापासूनच तुझा आहे."

"छे, मी नाही हो घ्यायची," माई म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी पेला पुन्हा नाकाशी नेला, या वेळी पदराशिवाय, आणि डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. अंगण थांबून राहिलं. हरिचंद्र थांबला, अमित थांबला, पेरूपाशी गेलेला पाहुणाही परत येऊन उभा राहिला.

"वास मी घेईन," माई पेला पंतांच्या हातात देत म्हणाल्या. "घोट तुम्ही घ्या."

पंतांनी घोट घेतला.

"कशी आहे?" माईंनी विचारलं.

"मागून लवंग आहे," पंत म्हणाले, आणि हरिचंद्राने सगळ्यांचे पेले भरायला घेतले.